सहाशे नव्वदवर कोण?

आपल्या भागात ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात मीडियम वेव्हचा रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. पुणे किंवा सांगली लावायचं तर काटा जपून, श्वास रोखून फिरवावा लागे. धारवाड मात्र शोधावं लागत नसे. ७६५ किलोहर्ट्झ ही त्याची जागा, आणि तिथं ते आपली वाट बघत उभंच असायचं. पण साध्या, स्वस्तातल्या सेटवर हेच धारवाड आणखी दोन ठिकाणी भेटायचं. एकदा अगदी डाव्या कडेला, ५३७-५३८ च्या आसपास, आणि एकदा उजव्या टोकाला १५३० वर. त्या दोन जागी आवाज जरा फाटका यायचा, पण गाणं तेच, निवेदकही तोच. काही लोकांना वाटायचं, धारवाडवाल्यांनी तीन स्टेशनं काढली आहेत. काहींना वाटायचं, रेडिओ बिघडला. ते रेडिओ पिशवीत घालून आमच्या आप्पांच्या दुकानात आणायचे.

आप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान रविवार पेठेतल्या एका बोळात होतं. शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन बसायची. मी चौथी-पाचवीत असेन. गिऱ्हाईक तक्रार सांगायचं, आप्पा ऐकून घ्यायचे, आणि स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता रेडिओ उचलून हळूहळू गोल फिरवायचे. मीडियम वेव्हच्या सेटमध्ये काळी फेराइटची कांडी असते, तोच त्याचा एरियल. कांडी स्टेशनच्या दिशेला टोक करून धरली की सिग्नल कमी मिळतो. आप्पा काटा १५३० वर ठेवून रेडिओ फिरवत. जरा फिरवला की तिथलं धारवाड एकदम नाहीसं व्हायचं. मग काटा ७६५ वर आणून तसंच करायचे, तर तिथलं धारवाड हलायचंही नाही. "हे खरं आणि ते त्याचं पिल्लू," असं गिऱ्हाइकाला सांगून रेडिओ परत द्यायचे, पैसे न घेता. आई म्हणायची, असं केलं तर दुकान चालायचं कसं. ते पुढं १९९९ मध्ये बंद झालंच, पण त्याची कारणं वेगळी होती.

मी मराठीची प्राध्यापिका. फ्रिक्वेन्सी, ऑसिलेटर या गोष्टींशी माझ्या पोटापाण्याचा संबंध नाही. पण आप्पांची नजर लवकर अधू झाली, आणि त्यांच्या वहीत हिशेब उतरवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ती वही आमच्या घराला शोभेशीच होती. शब्द मराठी, आकडे कानडी, कारण आप्पांची शाळा कानडी. त्या वहीतून जे कळलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नाही, म्हणून ते आज इथं लिहिते आहे. शिवाय २०१८ साली आमच्या घरात एक प्रकरण घडलं, आणि ते या पिल्लांशिवाय सांगता येत नाही.

आधी रेडिओचं पोट जरा उघडून बघू.

हवेतून एकाच वेळी शेकडो स्टेशनांच्या लहरी येत असतात. त्यातली एक नेमकी वेगळी काढून मोठी करायची, हे रेडिओचं काम. प्रत्येक स्टेशनासाठी सगळ्या गाळण्या नव्यानं जुळवत बसणं अवघड. यावर एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरनं १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात तो पॅरिसला लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये असताना, एक युक्ती काढली. (फ्रान्सचा लेव्ही आणि जर्मनीचा शॉटकी यांनीही तोच विचार केला होता, आणि पेटंटवरून पुढं बरंच भांडण झालं.) गाळणी बदलायचीच नाही. येणारं प्रत्येक स्टेशन बदलून एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि पुढची सगळी गाळण्या-वाढवण्याची व्यवस्था त्या एकाच आकड्यासाठी पक्की बसवायची. आपल्याकडच्या रेडिओत हा आकडा बहुधा ४५५ किलोहर्ट्झ. आप्पांच्या वहीच्या पहिल्या पानावर तो चौकटीत लिहिलेला आहे, देवाचं नाव लिहावं तसा.

आता ७६५ चं ४५५ कसं करायचं? सेटमध्ये एक छोटा ऑसिलेटर असतो. आपण काटा फिरवतो तेव्हा तोही बरोबर फिरतो, आणि काट्याच्या नेहमी ४५५ पुढं राहतो. काटा ७६५ वर असेल तर हा १२२० वर. ही १२२० ची लहर आणि धारवाडची ७६५ ची लहर एका ठिकाणी नेऊन भिडवतात. त्यातून दोघांची वजाबाकी निघते, ४५५. बेरीजही निघते, १९८५, ती पुढची गाळणी टाकून देते. जिथं भिडवतात त्या भागाचं नाव मिक्सर.

मिक्सर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं चटणी येते, नाहीतर मंगल कार्यालयातला तो बटणाबटणांचा साउंड मिक्सर. रेडिओतला मिक्सर दोन्हींपेक्षा वेगळा. साउंड मिक्सरमध्ये सनई आणि भटजींचा माईक एकत्र येतात, पण सनई सनईच राहते. दोघांची बेरीज होते, नवं काही जन्मत नाही. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावतो, तरी तिथंही तिसरी तार वाजत नसते. नवी फ्रिक्वेन्सी जन्माला यायला बेरीज पुरत नाही, गुणाकार लागतो. आणि तो करायला असा भाग लागतो, जो सरळ व्यवहार करत नाही. किलोला जो भाव तोच दहा किलोला, हा सरळ व्यवहार. ट्रान्झिस्टरचं तसं नाही. थोडं जास्त दिलं की तो प्रमाणापेक्षा फारच जास्त देतो. त्याच्या या वाकडेपणातून गुणाकार होतो आणि वजाबाकी-बेरीज हाती लागते. एरवी ज्याला दोष म्हटलं असतं, त्याच्यावरच सगळा रेडिओ उभा.

पण वाकडेपणाला माप नसतं. ज्यानं एकदा गुणाकार केला तो पुन्हा पुन्हा करतो. तो दुप्पट करतो, तिप्पट करतो, दुपटीतून एकपट वजा करतो. काटा १५३० वर नेला की ऑसिलेटर १९८५ वर जातो. धारवाडच्या ७६५ ची मिक्सरनं दुप्पट केली, १५३०. ती १९८५ मधून गेली, राहिले ४५५. झालं, धारवाड हजर. डावीकडंही तसंच. काटा ५३७.५ वर, ऑसिलेटर ९९२.५ वर, त्यातून ७६५ गेले, उरले २२७.५. त्याची दुप्पट ४५५. गाळणीला काय, आकडा जुळला की ती आत सोडते. आणि ही पिल्लं दुपटीतून जन्मलेली असल्यामुळे मूळ सिग्नल निम्मा केला की ती निम्मी न होता पाव होतात. आप्पा रेडिओ फिरवून पिल्लू ओळखायचे ते यामुळंच.

आता २०१८ चं प्रकरण.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, इलेक्ट्रॉनिक्सला. हुशार, पण मनानं हळवा. आधीच्या वर्षी दोन विषय राहिलेले, त्यामुळं खचलेला. भावाचं घर दोन भाषांचं. वहिनी धारवाडच्या, मुलगा आईशी कानडी, बापाशी मराठी आणि भांडताना दोन्ही. आप्पा त्याच घरी, वरच्या माडीवर. कानानं जवळजवळ गेलेले. नातू इलेक्ट्रॉनिक्स शिकतो याचा त्यांना अभिमान होता, पण नातवानं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. "आज्जांचं ते जुनं हो आत्या," असं तो मला म्हणाला होता. त्याच्या वयात मीही असंच काही म्हटलं असतं, त्यामुळं रागावले नाही.

त्याला छोटा प्रकल्प मिळाला होता. एका ट्रान्झिस्टरचा मिक्सर बनवायचा. एका बाजूनं १००० किलोहर्ट्झचा सिग्नल, दुसऱ्या बाजूनं १४५५ चा ऑसिलेटर, आणि बाहेर ४५५ आणि २४५५ मिळाले हे दाखवायचं. दोन्ही लहरी तयार करायला बाजारात मिळणारे छोटे तयार बोर्ड होते, आणि मित्राकडून आणलेला, लॅपटॉपला जोडायचा ऑसिलोस्कोप. लॅपटॉपच्या पडद्यावर कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते उभ्या रेघांनी दिसतं. दोन रेघांची अपेक्षा होती. दिसल्या डझनभर.

मी रविवारी गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हळूच म्हणाल्या, "वन्सं, दोन दिवस जेवला नाही नीट. इंजिनिअरिंग सोडतो म्हणायलाय." बुधवारी प्रकल्प द्यायचा होता. त्यानं तीन ट्रान्झिस्टर बदलले होते, ब्रेडबोर्ड बदलला होता, सगळं उचकटून पुन्हा जोडलं होतं. रेघा तशाच. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं होतं, जास्तीच्या रेघा नॉइज म्हणून सोड, जर्नलमध्ये ४५५ आणि २४५५ तेवढ्या काढ. मित्रांची जर्नलं त्यानं मला मोबाइलवर दाखवली. प्रत्येकात दोन रेघा, पट्टीनं आखलेल्या, सुबक. कुणाच्याच पडद्यावर तसं आलं नसणार.

इथं मला थोडं थांबून बोलू द्या, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. कवितेबद्दल तुला काय वाटलं ते लिही, असा प्रश्न मी दरवर्षी घालते आणि दरवर्षी साठ उत्तरपत्रिकांत गाइडमधला एकच परिच्छेद वाचते. मुलांना वाटत काही नसतं असं नाही. वाटलेलं लिहिलं तर मार्क जातात, हे त्यांना कुणीतरी लहानपणीच शिकवलेलं असतं. प्रयोगशाळेत तेच चालतं. काय आलं ते न लिहिता काय यायला हवं होतं ते लिहायचं. यात फसवणूक आहेच, पण मला त्याहून वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्याच्या पडद्यावर बारा रेघा दिसतात त्याला आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं. बाकीच्यांनाही बाराच दिसल्या होत्या, हे त्याला कुणी सांगत नाही.

मी त्याला म्हटलं, चल वर, आज्जांना दाखवू. तो नाखुशीनंच आला. लॅपटॉप, ब्रेडबोर्ड, दोन बोर्ड, तारांचा गुंता, सगळं माडीवर आप्पांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर मांडलं. आप्पांना ऐकू येत नसल्यानं मी पाटीवर लिहून सांगत होते. त्यांनी भिंगातून पडदा बघितला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या कुठल्या आकड्यावर रेघा आहेत? कागदावर लिही."

पोरानं लिहिलं. ४५५, ५४५, ६९०, ९१०, १०००, १४५५, १९१०, २०००, २४५५, २९१०. आणखी काही अगदी बारीक.

आप्पा म्हणाले, "भाग बदलायचे नाहीत. आता एकाला जरा सरकव, कोण कोण हलतंय बघ."

युक्ती इतकी साधी की पोराला आधी पटेना. त्यानं ऑसिलेटर १४५५ चा १४६५ केला, दहानं वाढवला. ४५५ ची रेघ ४६५ वर गेली. बरोबर, ती वजाबाकी. २४५५ ची २४६५ वर, ती बेरीज. १००० आणि २००० जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे एक मूळ सिग्नल आणि दुसरी त्याची दुप्पट, ऑसिलेटरशी त्यांचं नातं नाही. ९१० ची रेघ दहा नाही, वीसनं सरकली, ९३० वर. तिच्यात ऑसिलेटर दोनदा आहे. १४५५ ची दुप्पट २९१०, त्यातून १००० ची दुप्पट गेली, ९१०. आणि ५४५ ची गंमत म्हणजे ती उलटी, मागं गेली, ५३५ वर. म्हणजे तिच्यात ऑसिलेटर वजा होतोय. दोन हजारातून १४५५ गेले, ५४५. पोराच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यानं स्वतःच कागदावर तक्ता आखला. रेघ, ऑसिलेटर सरकवल्यावर किती हलली, सिग्नल सरकवल्यावर किती हलली. दोन हालचाली कळल्या की रेघेचे आईबाप कळतात. ज्याला पुस्तकात किचकट सूत्र म्हणतात, ते तक्त्यात उतरलं की गल्लीतली कुणाची पोरं कोण ते सांगण्याइतकं सोपं होतं.

मग आप्पांनी दुसरी परीक्षा सांगितली. सिग्नल निम्मा कर. पोरानं मध्ये दोन रेझिस्टर घालून जोर निम्म्यावर आणला. ४५५ निम्मी झाली. ५४५ आणि ९१० पाव झाल्या. तीस वर्षांपूर्वी रेडिओ गोल फिरवताना व्हायचं तेच हे, फक्त आता ते पडद्यावर मोजता येत होतं. मूळ अडचणही इथंच सापडली. तयार बोर्डमधून सिग्नल जवळजवळ एक व्होल्टचा येत होता, आणि बिचाऱ्या एकट्या ट्रान्झिस्टरला तो फार होता. त्याच्या ताटात काही मिलीव्होल्ट वाढायचे, इथं अख्खी पंगत ओतली होती. सिग्नल आणखी कमी करत गेल्यावर नको त्या रेघा गवतासारख्या खाली बसल्या, आणि ४५५ ठळक उभी राहिली. ऑसिलेटरची १४५५ आणि त्याची दुप्पट २९१० मात्र तशीच होती. ती एकट्या ट्रान्झिस्टरच्या मिक्सरमध्ये राहणारच. ऑसिलेटर बाहेर येऊ द्यायचा नसेल तर दोन किंवा चार भागांचा तोलून बांधलेला मिक्सर लागतो, ज्यात दोन बाजू एकमेकींना खोडतात.

लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर काही बारीक रेघा आपोआप गेल्या. स्कोपची वेग-सेटिंग बदलल्यावर दोन रेघा भलत्याच ठिकाणी उड्या मारू लागल्या. त्या सर्किटात नव्हत्याच, त्या स्कोपनं स्वतः तयार केलेल्या. पोरगा आता भराभर एकेक निकालात काढत होता.

राहिली ६९०.

ती ऑसिलेटर दहानं वाढवल्यावर दहानं हलली. म्हणजे ऑसिलेटर तिच्यात एकदा आहे. पण सिग्नल सरकवला तर ती ढिम्म. सिग्नलची तार पूर्ण काढली तर ही गेली नाही, उलट जास्त ठळक झाली, कारण काढलेली ती दोन हाताची तार आता नुसतीच मोकळी लोंबत होती. हजार आणि चौदाशे पंचावन्न यांच्या कुठल्याही सरळशा बेरीज-वजाबाकीत ६९० बसत नव्हते. पोरानं तिपटी-चौपटी करून पाहिल्या. पुन्हा त्याचा चेहरा पडायला लागला.

आप्पा बराच वेळ भिंगातून कागद बघत होते. मग म्हणाले, "चौदाशे पंचावन्नातनं सहाशे नव्वद काढ."

"सातशे पासष्ट."

आप्पा हसायला लागले. मी पाटीवर काही लिहायच्या आतच त्यांनी खालच्या मजल्याकडं तोंड करून हाक मारली, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "सूनबाई, वर या! तुमचं माहेर आलंय!"

वहिनी हात पुसत वर आल्या, काय झालं म्हणून घाबरून. मी सांगितलं. त्या पडद्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नम्म धारवाडा?"

धारवाडच. दोनशे किलोवॅटचं प्रक्षेपण, इथून ऐंशीएक किलोमीटरवर, मधे मोठा डोंगर नाही. माडीवरच्या मोकळ्या तारेत त्याचा थोडा सिग्नल शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. ती तार ट्रान्झिस्टरपर्यंत ७६५ पोचवत होती, ट्रान्झिस्टर इमानेइतबारे तिला १४५५ मधून वजा करत होता, आणि ६९० ची रेघ उमटत होती. नीट पाहिल्यावर ७६५ वरही एक फिकट रेघ होतीच, गर्दीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. पोराच्या सर्किटानं काही बिघडवलं नव्हतं. नकळत एक रेडिओ तयार झाला होता. १९५० साली सुरू झालेलं, जिथं मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार होते, ते केंद्र आमच्या भाच्याला नॉइज म्हणून खोडायला सांगितलं होतं.

पण पोरगा आता आज्जांच्या शब्दावर मानायला तयार नव्हता, आणि मला ते आवडलं. त्याला पुरावा हवा होता. ऑसिलेटर १२२० वर आणला. वजाबाकी बरोबर ४५५ वर जाऊन बसली. आप्पांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ खाली काढून ७६५ वर लावला. वक्ता बोलताना थांबला की रेघ शांत उभी, गाणं सुरू झालं की तिच्या पायाशी दोन्हीकडं बारीक थरथर. रात्री तो जागा राहिला. अकरा वाजून गेल्यावर आकाशवाणीची शेवटची सभा संपली, रेडिओत नुसती खरखर उरली आणि पडद्यावरची रेघ विझली. त्यानं त्याचा फोटो काढून मला पाठवला, रात्री साडेअकराला. खाली एकच ओळ, "आत्या, गेले धारवाडवाले झोपायला."

दुसऱ्या दिवशी उपाय केला. लांब तारा काढून बोटभर केल्या, सिग्नल आणायला जाळीची तार घेतली, आणि सगळं सर्किट वहिनींच्या चकलीच्या पत्र्याच्या डब्यात बसवून डबा अर्थला जोडला. झाकण लावलं की ६९० दिसेनाशी, झाकण काढून मोकळी तार लावली की परत हजर. बाकीच्या रेघा डब्यामुळं हलल्या नाहीत, कारण त्या बाहेरून आलेल्या नव्हत्याच. असा साधा फरक हाताशी असताना मुलं ट्रान्झिस्टर का बदलत बसतात? मला वाटतं, बदलण्यात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. नुसतं सरकवून बघत बसलं तर आळशी वाटतं. आप्पांचं दुकान बंद पडायला हाही एक हातभार असावा. ज्या दुरुस्तीत एकही भाग बदलला नाही तिचे पैसे मागायला त्यांना संकोच व्हायचा.

जर्नल लिहिताना घरात वाद झाला. भावाचं म्हणणं, दोन रेघा काढ आणि मोकळा हो, आधीच दोन विषय राहिलेत, परीक्षकाला कशाला प्रश्न सुचवायचे. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. बाहेरचा परीक्षक दमलेला असतो, त्याला चाळीस मुलं तपासायची असतात, आणि ज्याचं जर्नल बाकीच्यांसारखं नाही त्याला तो आधी थांबवतो. मी भाच्याला काही सांगितलं नाही. मार्क त्याचे, वर्ष त्याचं, फुकटचा उपदेश करायला मी बाहेरची. तो एक दिवस विचार करत राहिला. मंगळवारी रात्री त्यानं दहा ओळींचा तक्ता लिहिला, प्रत्येक रेघेपुढं ती कशातून आली, कशी ओळखली, कशानं गेली किंवा का गेली नाही. सहाशे नव्वदपुढं लिहिलं, आकाशवाणी धारवाड, ७६५ किलोहर्ट्झ. ते पान त्यानं आधी आप्पांना दाखवलं. आप्पांनी भिंग घेऊन वाचलं, एका ठिकाणी आकडा चुकला होता तो कानडीत दुरुस्त केला. पोरानं तो तसाच ठेवला.

परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, हे ६९० तुझ्या ऑसिलेटरचीच घाण नाही कशावरून? पोरानं सांगितलं, ऑसिलेटर चालूच होता, पण रात्री अकरानंतर रेघ गेली. परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटलं. मार्क इतरांइतकेच पडले, उलट एक कमीच. राहिलेले दोन विषय पुढच्या खेपेला सुटले.

त्यानंतर आप्पा तीन वर्षं होते. त्या काळात माडीवरच्या टेबलावर सदैव काही ना काही उघडं पडलेलं असायचं, आणि पाटीवर माझ्या अक्षराच्या जागी भाच्याचं अक्षर दिसायचं. वही आता त्याच्याकडं आहे. वहिनींचा चकलीचा डबा मात्र परत मिळाला नाही. त्याला चार भोकं पडली आहेत.